चित्रातली चटणी आणि पाकिटातली चटणी



कुणी लसूण सोलत, कुणी शिवणाच्या मशीनवर बसून ऐकत असाल. हातातलं काम चालू राहू द्या. आज मोबाइलमधल्या चित्र काढणाऱ्या एआयबद्दल बोलायचं आहे. सुरुवात आमच्याच फजितीपासून करते.

आमचा गट कारळ्याची चटणी करतो. दिवाळीआधी पाकिटावर लावायला चित्र हवं होतं. एआयला सांगितलं, ‘वाटीत चटणी’. अर्ध्या मिनिटात चकाचक चित्र आलं. सगळ्यांना आवडलं आणि आम्ही दोनशे स्टिकर छापून घेतले. तालुक्याच्या प्रदर्शनात एका ताईंनी पाकीट घेतलं, तिथंच फोडलं आणि म्हणाल्या, “चित्रात हिरवी ओली चटणी, वर पुदिन्याचं पान. आत ही काळी कोरडी. जुना माल भरलाय का?” चटणी आदल्या दिवशी कुटलेली होती. पण त्या पैसे परत घेऊन गेल्या आणि शेजारी उभ्या दोघी न घेताच निघाल्या. आम्ही खोटं बोललो नव्हतो. आमच्या वतीनं चित्र खोटं बोललं होतं.

गटातल्या एकीची लेक बारावीला आहे. ती म्हणाली, “मावशी, तुम्ही फक्त वरच्या चौकटीत लिहिलंत. खालचं ‘ॲडव्हान्स्ड’ उघडलंच नाही.” मग तिनं एकेक करून शिकवलं. तेच तुम्हाला सांगते. प्रत्येक ॲपमध्ये हे सगळं नसतं, पण ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘सेटिंग’ असं काही दिसलं, तर घाबरू नका. उघडून बघितल्यानं काही बिघडत नाही.

पहिला आकार. व्हॉट्सॲपच्या डीपीला चौकोनी चित्र लागतं, म्हणजे एकास एक. स्टेटसला उभं, म्हणजे नऊ बाय सोळा. आधी आकार ठरवला, तर मागाहून कापताना अर्धी वाटी जात नाही.

दुसरी ‘निगेटिव्ह प्रॉम्प्ट’ची चौकट. म्हणजे काय नको ते लिहायची जागा. इथं ‘पुदिना, ओली चटणी, चमचा’ एवढंच लिहायचं. ‘नको’ हा शब्द लिहायचा नाही, कारण ती चौकटच नकोची आहे. उलट वरच्या चौकटीत ‘पुदिना नको’ लिहिलं, तर बऱ्याचदा पुदिनाच येतो. वर लिहायचं ते काय हवंय ते: कोरडी, भरड, काळपट, पितळेच्या वाटीत.

तिसरा ‘सीड’, म्हणजे बी. हा एक आकडा असतो. तेच शब्द, तीच सेटिंग, तोच आकडा दिला, तर सहसा तेच चित्र परत मिळतं. आपल्या शेतासारखंच आहे. बियाणं तेच, पण जमीन बदलली तर पीक बदलतं. तसंच आकार किंवा ॲप बदललं, तर त्याच आकड्यातून वेगळं चित्र येतं. चांगलं चित्र आलं की आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा. मग एका वेळी एकच शब्द बदला, म्हणजे कशानं काय फरक पडला ते कळतं.

चौथी ‘स्टेप्स’. हे चित्र आधी नुसते विस्कटलेले ठिपके असतात. मशीन ते पायरी पायरीनं साफ करत जातं, आपण सुपात धान्य पाखडतो तसं. पहिल्या काही झटक्यांत बराच कोंडा उडतो, मग पाखडत राहिलं तरी फारसा फरक पडत नाही. बऱ्याच ठिकाणी वीस ते तीस पायऱ्या पुरतात. शंभर केल्या तर वेळच जास्त जातो.

पाचवं ‘गाइडन्स’. आपलं म्हणणं मशीननं किती ऐकायचं, ते यानं ठरतं. फार कमी ठेवलं तर ते मनाचंच काढतं. फार वाढवलं तर रंग भडक होतात, चित्र कृत्रिम दिसतं. सात-आठच्या आसपास सुरुवात करून बघा.

आणखी एक, एका वेळी किती चित्रं काढायची तो आकडा. तो चारवर असेल, तर रोजची फुकट मर्यादा चौपट वेगानं संपते. शिकताना एकच ठेवा.

आता खरी गोष्ट. एवढं सगळं करूनही आमची कारळ्याची चटणी काही हुबेहूब येईना. कधी काळे तीळ, कधी मोहरी दिसायची. शेवटी त्याच पोरीनं खिडकीजवळच्या उजेडात आमच्याच वाटीचा फोटो काढला आणि ॲपमध्ये टाकला. तिथं ‘स्ट्रेंग्थ’ नावाची पट्टी असते. बहुतेक ॲपमध्ये ती शून्याकडे नेली की मूळ फोटो तसाच राहतो, एककडे नेली की पार बदलतो. पण पट्टी थोडी सरकवली तरी चटणीही थोडी बदलतेच. म्हणून आम्ही ठरवलं, की चटणी फोटोतलीच राहील आणि एआयकडून फक्त मागचा पडदा आणि कडेची नक्षी घ्यायची.

नावही एआयकडून लिहून घेऊ नका. आमच्या ‘कारळे’चं त्यानं भलतंच काही केलं होतं. चित्र तयार झाल्यावर नाव, वजन, किंमत, तारीख दुसऱ्या ॲपमध्ये आपल्या हातानं टाका आणि छापण्याआधी दोघींनी मोठ्यानं वाचा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. पण दंडाच्या आधी गिऱ्हाईक जातं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आणि हो, या ॲपमध्ये वाटीचा फोटो टाका, लेकीसुनांचे फोटो नको. आधार कार्ड तर मुळीच नको.

उरलेले स्टिकर आम्ही फाडून टाकले. जीव हळहळला. पण पुढच्या प्रदर्शनात एका आजींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “ही तर आमच्या घरच्यासारखी दिसतेय.” चार पाकिटं घेतली.

या आठवड्यात एवढंच करा. आपल्या गटाच्या एका मालाचं चित्र काढा, ते मालाशेजारी ठेवा आणि मालाला कधी हात न लावलेल्या शेजारणीला विचारा, “दोन्ही एकच आहे का?” ती हो म्हणाली, तरच छापा.