घरचे अंदाजपत्रक

(मंगळवार पेठ, कोल्हापूर येथे महिलांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



राज्याचे अंदाजपत्रक दरवर्षी विधिमंडळात मांडले जाते. महानगरपालिका, जिल्हा परिषद, इतकेच नव्हे तर लहानशी ग्रामपंचायतही आपले अंदाजपत्रक तयार करते. घराचा कारभार मात्र बहुधा स्मरणशक्तीवरच चालतो. वास्तविक शासनाला तूट आली तर ती भरून काढण्याचे अनेक मार्ग असतात. सामान्य कुटुंबापुढे सावकाराचे दार आणि गृहिणीच्या अंगावरचे चार दागिने एवढेच मार्ग उरतात.

मंगळवार पेठेसारख्या वस्तीत दुकानदार, कारागीर, नोकरदार आणि उद्यमनगरात जाणारे कामगार शेजारी शेजारी राहतात. कोणाचा पगार महिन्याचा, कोणाची मजुरी आठवड्याची, तर कोणाची कमाई रोजची. म्हणून तक्ता मांडताना प्रथम गेल्या तीन महिन्यांची सर्वांची प्रत्यक्ष कमाई एकत्र करावी आणि तिला तीनने भागावे. येणारी रक्कम ही महिन्याची जमा होय.

तक्त्यासाठी वहीचे एक पान पुरेसे आहे. त्यावर चार रकाने आखावेत : बाब, अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि फरक. हा विचार नवा नाही. जपानमध्ये हानी मोतोको या विदुषीने 1904 मध्ये गृहिणींसाठी घरखर्चाची वही प्रसिद्ध केली. भारतात रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये जमाखर्च नोंदविण्यासाठी वित्तीय डायरी तयार केली.

पण दरमहाचा खर्च लिहिल्याने तक्ता पूर्ण होत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पतीचा पगार 21,000 रुपये आणि पत्नीचे शिवणकामाचे उत्पन्न 5,000 रुपये, म्हणजे एकूण जमा 26,000 रुपये. घरभाडे व वीज 6,500, किराणा, दूध, भाजी व गॅस 10,000, प्रवास व फोन 2,500, शिकवणी व औषधे 2,500 आणि भिशी 1,000, असा एकूण खर्च 22,500 रुपये. शिल्लक 3,500 रुपये दिसते. तरीही हे कुटुंब दरवर्षी कर्ज काढते. असे का व्हावे?

याचे उत्तर पानाच्या खालच्या भागात सापडते. तेथे वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहावयाचे असतात. जूनमधील शाळेची फी, गणवेश व वह्यापुस्तके 15,000, गणपती व दिवाळी 12,000, विम्याचे हप्ते 9,000, उन्हाळ्यातील वर्षाचे धान्य व चटणी 9,000, लग्नकार्यांतील आहेर व गावची जत्रा 6,000. बेरीज 51,000 रुपये. तिला बाराने भागले की महिन्याला 4,250 रुपये येतात. म्हणजे हाताशी 3,500 आणि गरज 4,250. दरमहा 750 रुपयांची, वर्षाला 9,000 रुपयांची तूट प्रत्यक्षात होती. ती फक्त दिसत नव्हती.

तूट आली की पहिली कात्री कोठे लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. गृहिणीच्या ताटातील दूधभाजी कमी होते, मुलीची शिकवणी बंद पडते. 2023-24 च्या राष्ट्रीय कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार नागरी भागात दर 100 रुपयांच्या खर्चापैकी सुमारे 40 रुपये, तर ग्रामीण भागात सुमारे 47 रुपये अन्नावर जातात. खर्चाचा हा सर्वांत मोठा भाग सहज हाताशी असतो, म्हणूनच तो प्रथम कापला जातो. तक्ता दुसरी वाट दाखवितो. वरील कुटुंबाच्या भिशीत बारा सभासद आहेत असे धरले, तर वर्षातून एकदा 12,000 रुपये हाती येतात. ती पाळी मे महिन्यात मागून घेतली, तर शाळेच्या खर्चाचा मोठा भाग भागतो. भिशीचे पैसे असे कामी आले की 3,500 चे 4,500 होतात आणि तुटीच्या जागी 250 रुपये शिल्लक राहतात. मात्र भिशी केवळ परस्परांच्या विश्वासावर चालते. तीच रक्कम बँकेतील आवर्ती ठेवीत ठेवणे अधिक सुरक्षित. बँकेतील 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमासंरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कर्ज घेणे अपरिहार्यच झाले, तर सावकाराकडे परवाना आहे की नाही हे पाहावे. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे.

हा तक्ता पतिपत्नींनी मिळून भरावा आणि जाणत्या मुलांनाही सोबत बसवावे. एकाने लपविलेला खर्च दुसऱ्याच्या हिशेबात तूट म्हणून उभा राहतो. पहिल्या महिन्यात अंदाज चुकतील. त्यात कमीपणा नाही. फरकाचा रकाना त्यासाठीच आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत घराला आपल्या खर्चाची ओळख पटते.

शिक्षकांनी बेरीज, भागाकार व शेकडेवारी शिकविताना हेच पान फळ्यावर मांडावे. पंचायत सदस्यांनी महिला सभेत ते भरून दाखवावे. गावाच्या अंदाजपत्रकाची चर्चा करणाऱ्या सभेने घराच्या अंदाजपत्रकासाठी अर्धा तास दिला, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात अनेक घरांतील दागिने पेटीतच राहतील.