गुडघा बदलल्यानंतरची सूज आणि वेदना
सांधेरोपण, म्हणजे झिजलेल्या गुडघ्याच्या जागी धातू आणि प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया, झाल्यानंतर येणारी सूज बहुतेक वेळा बिघाडाची खूण नसते. कापलेल्या ऊतींच्या भरून येण्याच्या क्रियेत रक्तप्रवाह वाढतो आणि द्रव साचतो, म्हणून गुडघा कित्येक आठवडे सुजलेला आणि काही महिने किंचित गरम राहू शकतो. दिवसातून काही वेळा १५ ते २० मिनिटे कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा आणि झोपून पाय हृदयापेक्षा उंच राहील असा ठेवावा. मात्र उशी टाचेखाली वा पोटरीखाली घ्यावी, केवळ गुडघ्याखाली नव्हे, कारण वाकलेल्या स्थितीत आराम वाटला तरी सांधा तसाच आखडतो आणि पुढे पाय सरळ होत नाही. घरोघरी प्रेमापोटी नेमकी हीच चूक होते.

वेदनाशामक गोळ्या वेदना असह्य होईपर्यंत लांबवू नयेत. डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी, शक्यतो व्यायामापूर्वी अर्धा ते एक तास घेतल्यास गुडघा वाकवणे सुसह्य होते. घोटा वरखाली हलवण्याच्या व्यायामाने पोटरीतील रक्त पुढे ढकलले जाते. शस्त्रक्रिया झालेल्या पायाला तेल चोळून मालिश करू नये, कारण शिरेत गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो.

पोटरी अचानक दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखले वा धाप लागली, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.