पडद्यावरची मोटार आणि पाहणाऱ्यांचे म्हणणे



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदमळणी असते. बैलाला नदीवर नेऊन धुवायचे आणि घरी आणून त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळायची. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती स्वतः चोळली असेल. चोळताना काय होते? कुठे सूज आहे, कुठे जुवाने कातडे सोलले आहे, हे डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळते. वर्षभर आपण बैल पाहत असतो, पण त्याचा खांदा खरा पाहतो तो त्या संध्याकाळी.

आज बोलायचे आहे मोटारीविषयी, आणि सुरुवात मात्र बैलापासून केली. कारण मोटारीची अशीच, हाताने चाचपून, कानाकोपरा साफ करण्याची एक कला आहे. तिला ‘डिटेलिंग’ म्हणतात. शहरात तिची दुकाने आहेत, आता तालुक्याच्या गावीही पाट्या दिसू लागल्या आहेत. जुन्या मोटारी विकत घेऊन, दुरुस्त करून, घासूनपुसून नव्यासारख्या करण्याचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर असतात. ते पाहणारे लोक त्यांच्याविषयी काय म्हणतात, हा आजचा विषय. आता तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? तर थोडे ऐकून घ्या.

आमच्या गावी एस. टी. स्टँडसमोर एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. तिथे भिंतीवर टीव्ही आहे, आणि चहाच्या वेळेला हे कार्यक्रम चालू असतात. मी मास्तर माणूस, निवृत्त झाल्यापासून माझीही बैठक तिथेच. मिस्त्रींना पडद्यावरचे बोलणे अर्धेमुर्धे कळते. पण त्यांचे लक्ष बोलण्याकडे नसतेच, ते हातांकडे पाहतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. मिस्त्रींच्या हाताखाली एक पोरगा आहे, हुशार आणि धडपड्या. त्याने असाच कुठला तरी कार्यक्रम पाहिला. कोणता ते त्यालाही आता आठवत नाही. त्यात एक माणूस गोल फिरणारे मशीन घेतो, त्याला मऊ गादी लावतो, गाडीच्या बॉनेटवर फिरवतो आणि दहा सेकंदांत बॉनेट आरशासारखे होते. पोराने ड्रिल मशीनला गादी बसवली आणि एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर लागला फिरवायला. मधला भाग चांगला निघाला. मग मशीन बॉनेटच्या कडेवर गेले. कडेला रंग मुळातच पातळ असतो आणि गादीचा सगळा दाब तिथे एका रेषेवर येतो. क्षणात रंग जळून खालचा करडा थर दिसू लागला. बॉनेट पुन्हा रंगवून द्यावे लागले. मिस्त्रींनी पैसे भरले, पोराला काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी टीव्ही बंद राहिला.

चुकले कोण? पोरगा चुकला हे खरेच. पण पडद्यावर जे दहा सेकंदांत झाले त्याला प्रत्यक्षात एखादा दिवस, कधी दोन दिवस लागतात, आणि ते मधले दोन दिवस कात्रीने कापलेले असतात. काय असते त्या दोन दिवसांत? आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची. मग दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. फडके प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच साबणात बुडवायचे, म्हणजे निघालेली रेती पुन्हा रंगावर घासली जात नाही. वरून खाली धुवायचे, कारण सगळ्यात जास्त चिखल खाली. मग गाडी सुकवून हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवायची आणि पत्र्यावरून हलकेच फिरवायची. उघड्या हाताला जो खरखरीतपणा कळत नाही तो पिशवीतून कळतो. खोटे वाटत असेल तर घरी करून पाहा. तो खरखरीतपणा काढायला खास मातीसारखा गोळा मिळतो, तो ओला करून फिरवायचा. रबराच्या पट्ट्यांवर आणि कडांवर कागदी चिकटपट्टी लावायची. इतके सगळे झाल्यावर मग मशीन.

आणि तेही किती जपून! आजच्या मोटारींना रंगावर एक पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. पॉलिश करणे म्हणजे ओरखड्याभोवतालचा लेप तासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणे. प्रत्येक वेळी त्या लेपातला थोडा थोडा भाग कायमचा जातो. ती शिल्लक संपली की संपली.

शिक्षक मंडळी ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एक गंमत. घरातले रोज घासलेले स्टीलचे ताट उन्हात धरा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांची गोल वर्तुळे दिसतील, जणू कोळ्याचे जाळे. ताट हळूहळू हलवा, वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतील. म्हणजे ओरखडे गोल नसतातच, ते सगळ्या दिशांनी असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात. मोटारीवर उन्हात दिसणारी जाळी तीच. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा शिकवताना याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. हे कापलेले दोन दिवस दाखवावेत की दाखवू नयेत, यावर एका कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी फार मोठा गलबला केला होता. तो कार्यक्रम इंग्लंडमधला, नाव ‘व्हीलर डीलर्स’. २००३ साली सुरू झाला आणि डिस्कव्हरीच्या वाहिनीवरून आपल्याकडेही दिसला. त्यात दोघेजण. माइक ब्रूअर हा व्यापारी. तो जुनी गाडी शोधणार, मालकाशी घासाघीस करणार, हातावर हात मारून सौदा ठरवणार. दुसरा एड चायना, कारागीर. साडेसहा फुटांहून उंच, हातात नारिंगी मोजे, गाडीखाली शिरायचा तर निम्मा बाहेरच. (या गृहस्थाने एकदा रस्त्यावर धावणारा सोफासुद्धा बनवला होता. पण ते जाऊ द्या.) तो कुठला नट का फिरत नाही, बेअरिंग का आवाज करते, ते उघडून दाखवी, सांगे, आणि बसवून दाखवी. घाईघाईने नव्हे, समजेल असे.

मार्च २०१७ मध्ये एड चायनाने कार्यक्रम सोडत असल्याचे जाहीर केले. कार्यक्रमाची सूत्रे तेव्हा अमेरिकेतल्या वाहिनीकडे गेली होती. त्याने कारण सांगितले ते असे, की कारखान्यातल्या कामाचे तपशीलवार चित्रण करणे फार कठीण जाते म्हणून ते कमी करावे असा वाहिनीचा आग्रह आहे, आणि तसे केले तर आपल्या कामाचा दर्जा राहणार नाही. निर्मात्यांची अडचणही काही खोटी नसणार. एक नट सोडवायला मिस्त्रीला एक मिनिट लागते, पण तो सोडवताना दाखवायचा तर कॅमेरा तीनदा हलवावा लागतो, दिवा धरावा लागतो. वेळ म्हणजे पैसा, तिकडेही आणि इकडेही.

पण प्रेक्षक खवळले. जगभरातून लोकांनी लिहिले, की आम्ही हा कार्यक्रम पाहतो तो कारागिराच्या हातासाठी. सौदे आणि चकाकी आम्हाला कुठेही दिसतात. यात निवृत्त फिटर होते, हौशी लोक होते, आणि ज्यांनी जन्मात पाना हातात धरला नाही असेही होते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कार्यक्रम करणारे नेहमी म्हणतात, प्रेक्षकाला कंटाळा येतो, त्याला झटपट हवे असते. इथे प्रेक्षकानेच सांगितले की नाही, आम्हाला सावकाश हवे आहे.

इथपर्यंत प्रेक्षकांची बाजू माझ्या मते बरोबर. पुढे मात्र तोल गेला. सोडून गेला तो चांगला, म्हणून राहिला तो वाईट, असा हिशेब काहींनी मांडला. माइक ब्रूअरला शिव्यांची पत्रे गेली, त्याच्या घरच्या माणसांना धमक्या आल्या, असे त्याने स्वतः सांगितले. निर्णय वाहिनीचा आणि शिव्या याला! मत देणे निराळे आणि माणसाच्या दारात धोंडे टाकणे निराळे. गावकीच्या भांडणातही आपण हे पाहतो, ज्याचा दोष असतो तो लांब असतो, मग जो हाती लागेल त्याला धरायचे. पुढे एड चायनाच्या जागी अँट अँस्टेड आला. तोही चांगला कारागीर. आणि २०२१ पासून मार्क प्रिस्टली, जो पूर्वी शर्यतीच्या मोटारींवर काम करीत असे. कार्यक्रम बंद पडला नाही.

याच कार्यक्रमाबद्दल पाहणाऱ्यांची आणखी एक जुनी तक्रार आहे, आणि ती आमच्या मिस्त्रींनी कुणाचे काही न वाचता आपणहून केली. शेवटी हिशेब दाखवतात. गाडी इतक्याला घेतली, सुटे भाग इतक्याचे, विकली इतक्याला, नफा इतका. मिस्त्री चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “गुरुजी, त्या उंच बाबाचा रोज कुणी धरला?” खरोखरच कारागिराची मजुरी त्या हिशेबात धरलेली नसते. ती धरली तर कित्येक गाड्यांत नफा उरणारच नाही. माझ्याशेजारी एक शेतकरी बसले होते, ते हसले. म्हणाले, “आमच्या सोयाबीनचाही हिशेब असाच असतोय, घरच्यांचा रोज सोडून.” यावर कुणी काही बोलले नाही.

अमेरिकेतला दुसरा एक कार्यक्रम होता, ‘पिंप माय राइड’, एमटीव्हीवर २००४ ते २००७ पर्यंत चालला. मोडक्या गाड्यांना रंगरंगोटी करून, आत पडदे आणि कर्णे बसवून मालकाला थक्क करायचे. पुढे २०१५ साली त्यांतल्या काही मालकांनी सांगितले की चित्रण झाल्यावर बसवलेल्या काही वस्तू काढून घेतल्या, आणि रंग नवा झाला तरी गाडी चालण्याची रड तशीच राहिली. प्रेक्षक म्हणाले, आम्ही फसलो. पण त्यांतले पुष्कळ असेही म्हणाले की पाहताना मजा आली होती. दोन्ही खरे. तमाशातला राजा खोटा असतो हे माहीत असूनही आपण फडाला जातोच. मात्र तमाशा पाहून कुणी राज्यकारभार शिकायला जात नाही. मोटारीचा कार्यक्रम पाहून पोरे मोटारीचे काम शिकायला जातात, एवढाच काय तो फरक.

तो पोरगा अजून गॅरेजमध्येच आहे. मिस्त्रींनी भंगारातून एक जुने बॉनेट आणून त्याला दिले आहे. दुपारी गिऱ्हाईक नसले की तो त्याच्यावर मशीन फिरवतो, कडांना पट्टी लावून. टीव्हीही पुन्हा सुरू झाला. मागच्या महिन्यात मिस्त्रींनी मला एका वाहिनीला पत्र लिहायला लावले. मजकूर त्यांचाच, मी फक्त शुद्धलेखन सुधारले: तुमचा कार्यक्रम आम्ही बघतो, चांगला आहे, पण बॉनेटच्या कडेवर मशीन कसे धरायचे तेवढे दोन मिनिटे न कापता दाखवा, आमच्याकडे पोरे शिकत आहेत.

खाली दोघांच्या सह्या केल्या, मिस्त्रींची आणि त्या पोराची. उत्तर अजून आलेले नाही. मी गॅरेजवर गेलो की पोरगा पहिल्यांदा तेच विचारतो.