जिभेचा कौल

पुण्यांतील एका सुशिक्षित घरांतील तरुण. वय पंचविशीच्या आंतबाहेर. कचेरींतील वरिष्ठांना बढती मिळाली, त्याप्रीत्यर्थ एका उपाहारगृहांत मेजवानी झाली आणि तेथें त्याच्या हातीं प्रथमच मद्याचा पेला आला. त्यानें तो ओठांना लावला. पहिल्याच घोटासरशी जिभेवर कडवट चव पसरली, घशांत जाळ उठला आणि औषधाची बाटली उघडावी तसा उग्र दर्प नाकांत शिरला. डोळ्यांत आलेलें पाणी कसेंबसें लपवून त्यानें पेला मेजावर ठेवला आणि पुन्हां त्याला हात लावला नाहीं.

येथवर सारें ठीक झालें. पंचाईत पुढेंच होती. शेजारच्या सहकाऱ्यानें विचारलें, "काय हो, घेत कां नाहीं?" तरुण क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "डॉक्टरांनीं मना केलें आहे." ही शुद्ध थाप होती. दोन वर्षांत त्यानें डॉक्टरांचें तोंडही पाहिलें नव्हतें. परंतु थाप पचली. दुसऱ्या मेजवानीच्या वेळीं त्यानें उपवासाचें निमित्त सांगितलें, तेंही चाललें. तिसऱ्या वेळीं मात्र त्याला खोटें बोलण्याचा कंटाळा आला आणि त्यानें खरें तेंच सांगून टाकलें, "मला हिची चव आवडत नाहीं." त्याबरोबर मंडळींनीं त्याला चोहोंकडून घेरलें. "अहो, चवीसाठीं घेतो कोण?" एक म्हणाला. "चार वेळां घ्या, म्हणजे आपोआप आवडूं लागेल," दुसऱ्यानें आश्वासन दिलें. तिसऱ्यानें त्याच्यासाठीं पेलाभर दूध मागविण्याची सूचना केली. सारे हंसले. तरुणही हंसला, पण त्या रात्रीं घरीं जातांना तो मनांतून खट्टू झाला होता.

या प्रसंगांत विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. मद्य नाकारण्यास धर्माचें कारण चालतें, वैद्याचें चालतें, व्रताचें चालतें, प्रसंगीं पत्नीच्या धाकाचेंही चालतें. चालत नाहीं तें फक्त जिभेचें कारण. शेपूची भाजी नको म्हणणाऱ्यास कोणी प्रमाण विचारीत नाहीं. कारलें बाजूस सारणाऱ्याच्या पौरुषाविषयीं कोणी शंका घेत नाहीं. मग मद्याच्या बाबतींतच जिभेची साक्ष अग्राह्य कां ठरावी?

व्रताच्या कारणाला केवढा मान मिळतो याचें उदाहरण सर्वांस परिचित आहे. सन १८८८ मध्यें बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस निघण्यापूर्वीं मोहनदास गांधी यांनीं मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याचें वचन मातेस दिलें होतें. लंडनमध्यें वकिलीच्या विद्यार्थ्यांना ठराविक भोजनांस हजर राहावें लागे. तेथें चार जणांच्या गटास मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्यामुळें त्यांच्या वांट्याचेंही उरलेल्या तिघांस मिळे आणि म्हणून आपल्या गटांत त्यांनीं यावें याबद्दल विद्यार्थ्यांत चढाओढ लागे! ही हकीकत त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत सांगितली आहे. परंतु ज्यानें मातेस वचन दिलेलें नाहीं, ज्याला कोणत्याही पंथाची मनाई नाहीं आणि ज्याला केवळ तो घोट आवडत नाहीं, त्यानें काय सांगावें?

त्यानें प्रथम हें जाणावें कीं, त्याची जीभ त्याला फसवीत नाहीं. मद्यार्काची कडवट चव आणि त्याचा दाह हे दोन्ही अनुभव खरे आहेत. दाहाचें कारण मोठें मनोरंजक आहे. तोंडांत व घशांत उष्णतेची वर्दी मेंदूकडे पोहोंचविणारे मज्जातंतु असतात. त्यांच्यावरील एक प्रकारचीं सूक्ष्म द्वारें सामान्यतः सुमारें ४२ अंश सेल्सिअसच्या पुढें उष्णता गेली म्हणजे उघडतात आणि 'भाजलें' अशी वर्दी देतात. मिरचीचा तिखटपणाही याच द्वारांनीं कळतो. सन २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, मद्यार्काच्या स्पर्शानें ही मर्यादा सुमारें ३४ अंशांपर्यंत खालीं उतरते. शरीराची स्वाभाविक उष्णता ३७ अंशांच्या आसपास. म्हणजे पेल्यांतील द्रव कितीही निववलेला असो, घशाला जी आग जाणवते ती बाहेरून आलेली नसते; आपल्याच देहाची ऊब त्या क्षणीं आग म्हणून कळूं लागते.

कडवटपणाची गोष्ट याहून निराळी. ती सर्वांस सारखी जाणवत नाहीं. सन १९३१ मध्यें अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स हे प्रयोगशाळेंत एक पूड हाताळीत असतां तिचे कांहीं कण हवेंत उडाले. जवळच्या सहकाऱ्यानें तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांना तर कांहींच चव लागेना. दोघांनीं ती पूड चाखून पाहिली; एकास ती कडूजहर, दुसऱ्यास खडूसारखी बेचव. पुढें असें दिसून आलें कीं, हा भेद आनुवंशिक आहे. सन २००३ मध्यें त्याच्या मुळाशीं असलेला जनुकही सांपडला. ज्यांना ही पूड फार कडू लागते त्यांना मद्यही अधिक कडू लागतें, असें कांहीं अभ्यासांत आढळलें आहे. तेव्हां एका मेजाभोंवतीं बसलेले चौघे एकाच बाटलींतून पीत असले तरी चौघांच्या मुखांत एकच वस्तु जाते असें म्हणतां येत नाहीं.

"चार वेळां घ्या, म्हणजे आवडेल," हें म्हणणें अगदींच खोटें आहे असेंही नाहीं. वनस्पतींतील पुष्कळ विषें कडू असल्यामुळें कडू चवीबद्दल प्राणिमात्राला उपजतच भय असतें. तान्ह्या मुलाच्या जिभेवर कडू थेंब पडला तर तें तोंड वेडेंवांकडें करतें. पण माणूस पुढें बिनदुधाची कॉफी आवडीनें पितो, कारल्याची भाजी मागून घेतो. पेय पोटांत गेल्यावर जो परिणाम होतो, त्याचा संबंध मन त्या चवीशीं जोडतें. भोंवतालचें हास्यविनोदाचें वातावरण त्यांत भर घालतें. आणि ज्या चवीनें पहिल्या दिवशीं तोंड फिरविलें तीच कालांतरानें ओळखीची होते. ज्यांना इतका धीर नसतो त्यांच्यासाठीं साखर, फळांचे रस व सुगंध मिसळून तो कडवटपणा झांकण्याची सोय व्यापाऱ्यांनीं केलेलीच आहे. म्हणजे जिभेचा कौल बदलतां येतो यांत संशय नाहीं. प्रश्न एवढाच उरतो कीं, तो बदलण्याचा खटाटोप करावाच कशासाठीं?

येथपर्यंतचा विचार ऐकून आपल्या तरुणाला समाधान वाटलें असतें. परंतु त्याच्या घरांत या प्रश्नाची दुसरीही बाजू होती. त्याचा थोरला भाऊ मद्याच्या आहारीं गेला होता. भाऊ त्याच्याहून दहा वर्षांनीं मोठा, हुशार, एके काळीं घराचा आधार. आतां त्याची नोकरी डळमळीत झाली होती. वहिनी चार माणसांत बोलेनाशा झाल्या होत्या. एके रात्रीं राहवेना म्हणून तरुण त्याला म्हणाला, "दादा, मीं एका घोटांत ओळखलें कीं ही वस्तु आपल्या कामाची नाहीं. तुम्हांला इतक्या वर्षांत तें कळूं नये?"

दादा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग शांतपणें म्हणाला, "तुला ती कडू लागली. मला पहिल्याच दिवशीं वाटलें, आजवर जें हरवलें होतें तें सांपडलें. तूं सोडलें काय? तुझ्या हातांत कधीं आलेंच नाहीं तें."

या उत्तरावर तरुणाला बोलतां आलें नाहीं. त्याला हें ठाऊक नव्हतें कीं, जवळजवळ याच अर्थाचा विचार सन १८४२ मध्यें अमेरिकेंतील एका वकिलानें भर सभेंत मांडला होता. त्या वकिलाचें नांव अब्राहम लिंकन.

लिंकन ज्या सरहद्दीवरील मुलखांत वाढले तेथें मक्याच्या व्हिस्कीवांचून पान हालत नसे. घर उभारणें असो, निवडणूक असो, व्हिस्कीचें पिंप हजर असे. तारुण्यांत न्यू सेलेम गांवीं बेरी नांवाच्या भागीदाराबरोबर त्यांनीं दुकान चालविलें. सन १८३३ मध्यें त्या दुकानाच्या नांवें मद्यविक्रीचा परवानाही निघाला होता. एके हिवाळ्यांत तर त्यांनीं मद्याच्या भट्टीवर काम केलें होतें, असें त्यांनींच पुढें सन १८५८ च्या प्रसिद्ध वादविवादांत सांगितलें. म्हणजे पेला त्यांच्यापासून दूर होता असें नव्हे. तरी ते पीत नसत. त्याचें कारण त्यांचे वकिलींतील भागीदार विल्यम हर्नडन यांनीं नमूद करून ठेवलें आहे. लिंकन म्हणत कीं, न पिण्याबद्दल मला फारसें श्रेय देऊं नका, कारण मला तो पदार्थच आवडत नाहीं; त्यानें अंगांत शैथिल्य येतें. त्यांचा न्यू सेलेमचा भागीदार बेरी मात्र मद्यासक्त होता. दुकान बुडालें, सन १८३५ मध्यें बेरी वारला आणि दोघांचें कर्ज एकट्या लिंकन यांस पुढें अनेक वर्षें फेडावें लागलें. पिणाऱ्यांवर राग धरण्यास याहून सबळ कारण कोणतें हवें?

परंतु सन १८४२ च्या फेब्रुवारीच्या २२ तारखेस, वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनीं, स्प्रिंगफील्ड येथील प्रार्थनामंदिरांत मद्यपाननिषेधाच्या सभेपुढें ते उभे राहिले तेव्हां त्यांच्या मुखांतून रागाचा शब्द निघाला नाहीं. ही चळवळ त्या वेळीं नवी होती. दोनच वर्षांपूर्वीं बाल्टिमोरच्या एका गुत्त्यांत बसणाऱ्या सहा जणांनीं आपण होऊन मद्य सोडण्याची शपथ घेतली आणि तिचा आरंभ केला होता. लिंकन यांनीं त्या सुधारलेल्या मद्यप्यांची बाजू घेतली. पूर्वींचे उपदेशक पिणाऱ्यांना शाप देत, त्यांना समाजांतून बाहेर टाकीत, आणि म्हणूनच त्यांचा उपदेश वाया गेला, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. इतकेंच नव्हे, तर समोर बसलेल्या सोज्ज्वळ मंडळींना त्यांनीं असें सुनावलें कीं, आपल्यापैकीं जे या व्यसनाला बळी पडले नाहींत ते बहुधा मनाच्या वा नीतीच्या श्रेष्ठतेमुळें वांचलेले नाहींत. त्यांना ती भूकच नव्हती म्हणून वांचले आहेत. हें भाषण प्रार्थनामंदिरांतील कांहीं धर्मनिष्ठांस झोंबलें, असें हर्नडन सांगतात. झोंबणें साहजिकच होतें. ज्याला आपण आपलें पुण्य समजत होतों तें केवळ आपल्या प्रकृतीचें दान आहे, हें ऐकणें कोणाला रुचेल?

आजचें शास्त्र लिंकन यांच्या बाजूनेंच साक्ष देतें. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असें अनुमान निघालें आहे कीं, मद्यासक्तीच्या संभवांत सुमारें निम्मा वांटा आनुवंशिकतेचा असतो. उरलेला निम्मा परिस्थिति, संगत व संधि यांचा. तेव्हां एकाच आईच्या दोन लेंकरांत एकास घोट कडू लागावा आणि दुसऱ्यास त्यांत आसरा सांपडावा, यांत नवल नाहीं. रोगाचा उपाय करावयाचा तो पहिल्यानें दुसऱ्यास हिणवून होत नाहीं.

लिंकन यांच्या चरित्रांतील आणखी एक प्रसंग आपल्या तरुणाच्या उपयोगाचा आहे. सन १८६० च्या मे महिन्यांत अध्यक्षपदाच्या उमेदवारीची अधिकृत वार्ता घेऊन पुढारी मंडळी त्यांच्या घरीं आली. अशा वेळीं मद्य देण्याचा रिवाज होता. लिंकन यांनीं पाहुण्यांपुढें थंड पाणी ठेवलें. याबद्दल एका गृहस्थानें पत्रानें विचारणा केली, तेव्हां त्यांनीं कळविलें कीं, सोळा वर्षें संसार केला, त्यांत मित्रांच्या ओठीं कधीं पेला लावला नाहीं. मग नव्या पदासाठीं तो परिपाठ कां बदलावा? आणि हें उत्तर खासगी ठेवावें अशी विनंतीही त्यांनीं केली. आपल्या आवडीनिवडीचा त्यांनीं झेंडा केला नाहीं आणि तिच्याबद्दल लाजही बाळगली नाहीं.

नावडीचा खरा उपयोग एवढाच आहे. तिच्यासाठीं डॉक्टरांचें नांव पुढें करण्याचें कारण नाहीं आणि तिच्या बळावर दुसऱ्याचा न्याय करण्याचाही अधिकार नाहीं. यजमानाचेंही कर्तव्य यांतून उघड होतें. पाहुण्यानें "नको" म्हटलें कीं कारण न विचारतां त्याच्यापुढें दुसरें कांहीं ठेवावें. त्या "नको"मागें कदाचित् निव्वळ नावड असेल, कदाचित् मोठ्या कष्टानें सोडलेलें व्यसन असेल. यजमानाला तें दिसत नाहीं. म्हणून आग्रह न करणें हेंच सौजन्य.

पुण्यांतील त्या तरुणानें पुढल्या मेजवानींत विचारणाऱ्यास एवढेंच सांगितलें, "मला चव आवडत नाहीं. माझ्यासाठीं कोकमाचें सरबत सांगा." कोणी हंसलें, कोणी हंसलें नाहीं, गप्पा पुढें चालू राहिल्या. त्याच आठवड्यांत तो खरोखरच डॉक्टरांकडे गेला. स्वतःसाठीं नव्हे. दादाच्या शेजारीं बांकावर तो दीड तास बसून होता. उपदेशाचा एक शब्दही बोलला नाहीं. नांव पुकारलें गेलें तेव्हां दादा उठला, दाराशीं क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "तूंही आंत ये."