औषधाचे नाव आणि रोग्याचे नाव
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या महोत्सवात आपल्या मंदिराविषयी, शाळेविषयी व पूर्वजांच्या कष्टांविषयी पुष्कळ बोलले गेले, व ते योग्यच झाले. माझ्या वाट्याला आजाऱ्यांचा विषय आला आहे. आजारी म्हटला की खाटेवर पडलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु ज्याचे मन आजारी आहे तो आपल्याच बाकावर बसून मिस्सा ऐकत असतो, आणि घरच्यांखेरीज कोणास काही ठाऊक नसते. मी डॉक्टर नव्हे, निवृत्त शिक्षक आहे. तथापि या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे, व ती सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझ्या धाकट्या भावास द्विध्रुवी विकार आहे. काही महिने तो अंथरुणातून उठत नसे. मग एकाएकी झोपेवाचून रात्रंदिवस बोलत सुटे, कर्ज काढी, नसते व्यवहार करी. डॉक्टरांनी त्यास लिथियमच्या जोडीला ओलान्झापिन दिले. तो सावरला. एके दिवशी मी डबीतील कागद वाचला. त्यावर स्किझोफ्रेनिया हा शब्द होता. "माझा भाऊ वेडा नाही," असे म्हणून मीच ती गोळी बंद करविली. महिना लोटला नाही तोच त्याची झोप उडाली व तो घरातून निघून गेला. तिसऱ्या दिवशी एका रेल्वे स्थानकावर तो अनवाणी सापडला. गोळी पुन्हा सुरू झाल्यावरच तो ताळ्यावर आला. आज तो आपल्या गायनवृंदात आहे, व त्याच्याच अनुमतीने मी हे सांगत आहे.

माझ्या घोटाळ्याचे मूळ औषधाच्या नावात होते. या वर्गाला अँटिसायकॉटिक, म्हणजे चित्तभ्रमावरील औषधे, असे म्हणतात. परंतु इतिहास पाहा. या वर्गातील पहिले औषध क्लोरप्रोमाझिन 1950 साली फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉल शार्पांतिये यांनी तयार केले. जानेवारी 1952 मध्ये पॅरिसच्या वाल-द-ग्रास लष्करी रुग्णालयात ते प्रथम ज्या मनोरुग्णास देण्यात आले, तो उन्मादावस्थेतील 24 वर्षांचा तरुण होता. त्याच वर्षी सेंट-आन रुग्णालयात जाँ दले व पिएर दनिकेर यांनी या उपचाराची पद्धत बसविली. म्हणजे उन्मादाचा रोगी या औषधांच्या घरी आगंतुक नव्हे, तो पहिला पाहुणा आहे.

पुढे नवी औषधे आली. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने ओलान्झापिनला उन्मादासाठी 2000 साली, क्वेटियापिनला द्विध्रुवी विकारातील नैराश्यासाठी 2006 साली, आणि अरिपिप्राझोलला नैराश्यावरील औषधाच्या जोडीला देण्यासाठी 2007 साली मान्यता दिली. यामागील कारण समजण्यास कठीण नाही. उन्मादाचा भर ओसरण्यास केवळ लिथियमने अधिक दिवस लागतात. ही औषधे लवकर आवर घालतात. द्विध्रुवी रोग्यास नैराश्यावरील नेहमीचे औषध एकटेच दिले, तर तो उन्मादाकडे झुकण्याचे भय असते. म्हणून तेथेही यांतील काहींचा उपयोग होतो. साध्या नैराश्यात मात्र ही पहिली पायरी नव्हे. योग्य औषध पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडला नाही, तरच डॉक्टर यांची बहुधा लहान मात्रा जोडतात.

एक प्रकार आपण विशेष ध्यानी धरावा. तीव्र नैराश्यात कित्येकांस अशी खात्री वाटते की, आपले पाप क्षमेपलीकडचे आहे व देवाने आपला त्याग केला आहे. असा मनुष्य पुन्हा पुन्हा पापनिवेदन करितो, तरी त्यास शांती लाभत नाही. त्यास "श्रद्धा कमी पडली" असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. हा भ्रम रोगाचे लक्षण असू शकतो. अशा वेळी नैराश्यावरील औषधासह अँटिसायकॉटिक देतात.

ही औषधे निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. त्यांपैकी काहींनी वजन, रक्तातील साखर व चरबी वाढते. काहींनी हातपाय थरथरतात, किंवा एका जागी बसवत नाही. दीर्घकाळ घेतल्यास तोंडाच्या व जिभेच्या अनैच्छिक हालचालीही जडू शकतात. म्हणून वजन व रक्त वेळोवेळी तपासून घ्यावे, त्रास लपवू नये, गर्भवतीने आधी सल्ला घ्यावा. औषध बदलता येते, मात्रा कमी करिता येते. पण ते डॉक्टरांच्या हातून व हळूहळू. माझ्यासारखे एका रात्रीत नव्हे.

कोणी विचारील, मग प्रार्थनेचे काय? एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत निजला, तेव्हा देवदूताने त्यास बोल लावला नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाची वाणी त्याने त्यानंतर ऐकिली. सिराखच्या ग्रंथाचा 38वा अध्यायही वैद्य व औषध या दोहोंस परमेश्वराचीच देणगी मानितो. तेव्हा जपमाळ व गोळी यांत वैर नाही. एकाच हातात दोन्ही राहू शकतात.

आपल्या या धर्मग्रामाने 50 वर्षे कुष्ठरोग्यास, क्षयरोग्यास, दरिद्र्यास दार उघडे ठेविले. आता मनाने आजारी असलेल्यासही ते उघडे असावे. त्याच्या घरी जा. गोळीचे नाव विचारू नका, जेवला का ते विचारा. कोणाच्या तोंडी मरणाची भाषा आली, तर त्यास एकटे सोडू नका व त्वरित रुग्णालयात न्या. सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

डबीवर औषधाचे नाव असते. रोग्याचे नाव मात्र बाप्तिस्म्याच्या वेळी ठेविलेले तेच राहते. आपण त्यास त्याच नावाने हाक मारावी. रोग्यांचे आरोग्य अशी जी आपली पवित्र मरियामाता, तिच्या चरणी या सर्वांस सोपवून मी आपली रजा घेतो.