वाळा, मोहरी आणि मातीतले शिसे
(गोकुलम येथे गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



झाडे लावून मातीतले जड धातू काढता येतात, असे आपण वाचतो. ते खरे आहे, पण अर्धेच. पालापाचोळा कुजतो, शिसे कुजत नाही. झाड ते फार तर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवते.

काही वनस्पती यात खरोखर पटाईत आहेत. न्यू कॅलेडोनिया बेटावर एका वृक्षाचा चीक निळसर हिरवा असतो. वाळल्यावर त्यात पाव हिस्सा निकेल भरू शकते. आपल्याकडे जुन्या भिंतींच्या चुन्यात उगवणारे एक नेचे आर्सेनिक पानांत साठवते, हे २००१ साली फ्लोरिडातील शास्त्रज्ञांनी दाखवले.

शिशाचे मात्र अवघड, ते मातीला घट्ट धरून बसते. हिशेबच करू. एका हेक्टरातली वरची १५ सेंटीमीटर माती साधारण २००० टन. समजा, तिच्यात किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसे आहे, म्हणजे एकूण १००० किलो. मोहरीचे वाळलेले पीक १० टन आले आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसे उतरले, तर पिकामागे निघाले एक किलो! १९९० च्या दशकात रसायन घालून शिसे सुटे करून पाहिले. मोहरीने जास्त उचललेही, पण उरलेले भूजलात झिरपण्याची भीती निर्माण झाली.

वाळ्याची रीत वेगळी. तो बहुतेक धातू मुळांतच अडवतो आणि मातीही धरून ठेवतो. आपल्या शेजारच्या हासन जिल्ह्यात नुग्गेहळ्ळीकडे क्रोमाइटच्या खाणी आहेत. अशा ठिकाणचे ढिगारे पावसात वाहू नयेत म्हणून वाळा उपयोगी. पण तिथली मुळी माठात घालायची नाही, आणि तिथला चारा गाईला नाही!

आता आपले परसू. घरगुती रंगातील शिशावर कडक मर्यादा २०१७ पासून आली. त्याआधीचा रंग खिडक्यांवरून खरवडला, तर कपटे कागदावर गोळा करा, अळवाच्या वाफ्यात झाडू नका. शंका असेल तर माती तपासून घ्या. तोवर पालेभाज्या आणि मुळा-गाजर नव्या मातीच्या कुंडीत लावा. टोमॅटो, भेंडीच्या फळात शिसे त्या मानाने कमी उतरते. भाजी धुवायची मात्र नीट, कारण पानांवरची धूळ हाही शिशाचा एक रस्ता आहे.