बंद यंत्राची साक्ष

मधुमेह्याच्या पायाची जखम का चिघळते आणि घोट्याजवळचा व्रण महिनोन्‌महिने का रेंगाळतो, हे आपणांपैकी अनेकांना घरच्या अनुभवानेच ठाऊक असेल. त्यात वेळ घालवत नाही. माझे म्हणणे एकच आहे. अल्ट्रासाउंड, विजेचा सौम्य प्रवाह, ऑक्सिजन असे न कापता, न टोचता करायचे यंत्रोपचार बंद यंत्राशी, म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या पण उपचार न देणाऱ्या यंत्राशी, ताडून पाहिल्याशिवाय खरे मानू नयेत. यंत्र सुरू झाले की रुग्ण ठरल्या दिवशी येतो, नर्स जखम धुते, पट्टी नीट बांधते. मग जखम भरली तर श्रेय कोणाचे?

ही शंका पोकळ नाही. ब्रिटन-आयर्लंडमधल्या व्हीनस-३ चाचणीत ३३७ रुग्णांचे हट्टी व्रण तपासले. दोन्ही गटांना नेहमीचे चांगले उपचार मिळाले, एका गटाला आठवड्यातून एकदा अल्ट्रासाउंडही. २०११ साली निकाल छापला गेला: व्रण लवकर भरले नाहीत, उलट त्या गटात त्रास जास्त नोंदले गेले.

आता प्लास्टरविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण नेहमीचे उपचार म्हणजे काय हे त्यावरून कळते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना प्लास्टर घातले. बधिर पाय दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. प्लास्टर तो भार वाटून घेते. २००१ च्या एका अमेरिकी चाचणीत पाय असेच बधिर झालेले ६३ मधुमेही होते. काढता न येणाऱ्या प्लास्टरने १२ आठवड्यांत ८९.५ टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के. पुढच्या एका अभ्यासात दिसले की असा बूट दिवसाच्या हालचालींपैकी जेमतेम २८ टक्के वेळीच पायात असतो. पायावरचा भार ज्या गटात नीट उतरवलेलाच नाही, त्याच्याशी यंत्राची तुलना करणे म्हणजे यंत्राला फुकटचे गुण देणे होय.

बंद यंत्र ही रुग्णाची फसवणूक आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. कोणाला काय मिळेल हे चिठ्ठी ठरवणार, हे रुग्णाला आधी सांगून संमती घेतात आणि नेहमीचे उपचार दोन्ही गटांना पूर्ण मिळतात. अशाने नवे यंत्र मारले जाते, हेही खरे नाही. जखमेवर दाबाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. आधी दोन आठवडे फक्त उत्तम उपचार दिले, तेवढ्यानेच ३० टक्के आक्रसलेल्या जखमा वगळल्या. उरलेल्या ७३ जणांपैकी काहींना खरे, काहींना हुबेहूब दिसणारे नकली यंत्र घरी दिले. १२ आठवड्यांत ४१.७ टक्के विरुद्ध १३.५ टक्के जखमा भरल्या. यंत्रात दम होता, तो उठून दिसला.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, खर्चाचा मुद्दा राहू द्या. पण यंत्र विकणारा ‘जखम निम्मी झाली’ म्हणाला, तर एवढे विचारा: पूर्ण भरली का? अमेरिकेच्या औषध नियामकाच्या व्याख्येत ती कातडीने झाकलेली हवी, पाणी नको, पट्टी नको, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिली तरी तशीच हवी.